रेषेपर्यंत

पहिली बाटली मी वाया घालवली.
कबूल करतो.
पाणी उकळलं, पण निवू द्यायला धीर नव्हता,
तेक्लेचं अंग तव्यासारखं, रात्रीचे अकरा.
तसंच ओतलं, वाफाळतं,
रेष ओलांडून थेट गळ्यापर्यंत.
मला वाटलं, जास्त पाणी म्हणजे जास्त औषध.

लामाराने दुकानाचं शटर अर्धंच वर केलं
आणि खालून वाकून पाहिलं माझ्याकडे.
"वाझा, खाणीत सुरुंग भरतोस ना तू?
तिथेही असंच अंदाजपंचे?"
दुसरी बाटली दिली. पैसे वहीत मांडले,
पेन्सिलीने. ते मी पाहिलं.

आमच्या चिआतुरात रोपवे रात्री बंद असतो.
पायऱ्या चढलो, बाटली सदऱ्याच्या आत,
दर पायरीला भुकटी खसखसत होती,
बाजूला खाली नदी, मँगनीजने काळी,
रात्री तर ती दिसतही नाही, नुसती ऐकू येते.

घरी येऊन हात धुतले. परत धुतले.
नखांतली खाण जात नाही,
बावीस वर्षांत गेली नाही, आज काय जाणार.
मग फोन लावला बारीला.

मझिया तिकडे एका म्हातारीच्या उशाशी झोपते.
इटलीतली म्हातारी, तिच्या गोळ्यांचे सात खण,
सकाळ, दुपार, रात्र, सगळं मझियाला पाठ.
कुजबुजत म्हणाली,
"आधी बाटली उलटी कर. तळावर थापट मार.
गठ्ठा सुटला? ऐकव मला."
मी फोन बाटलीजवळ धरला.
"नाही सुटला. अजून."

आता पाणी. निवलेलं.
मनगटावर थेंब टाकून पाहिला,
तेक्ले तान्ही असताना दूध पाहायची मझिया, तसा.
अर्धं ओत. झाकण लाव. हलव.
"जोरात, वाझा. लाजतोस काय?"
मी हलवलं. स्वयंपाकघरात एकटा उभा राहून
एवढा मोठा माणूस, खांद्यापासून हलवत.
भुकटी गुलाबी झाली, फेस आला,
फेस रेषेच्या वर जाऊन बसला.

"झालं," मी म्हणालो.
"फेस बसू दे."
"किती वेळ?"
"बसेपर्यंत."

मग दोघंही बोललो नाही.
तिकडे म्हातारी खोकली, इकडे तेक्ले.
एकाच वेळी. कोण कुठलं, क्षणभर कळेना.
फेस एक एक बुडबुडा फुटत खाली आला
आणि पाणी रेषेखाली निघालं,
चांगलं बोटभर खाली.
म्हणजे फेसाला मी औषध समजलो होतो.
उरलेलं पाणी हळू ओतलं, डोळा रेषेच्या पातळीला आणून,
गुडघ्यावर बसून,
चर्चमध्येही इतका नीट बसत नाही मी.

पाच मिली. पिचकारीने, गालाच्या आतून.
तेक्लेने तोंड वेडंवाकडं केलं,
मग ओठ चाटले. "स्ट्रॉबेरी," म्हणाली,
"पण खोटी."
फोनमधून हसण्याचा आवाज आला,
की रडण्याचा. विचारलं नाही.

सात दिवस. बारा-बारा तासांनी.
दर वेळी आधी हलवायचं, हे तेक्ले मलाच सांगू लागली,
चौथ्या दिवशी तर स्वतः हलवायची, दोन्ही हातांनी,
जीभ बाहेर काढून.
वीज जायची तेव्हा बाटली खिडकीबाहेर,
बर्फात खोचून, बुचाला लाल दोरा,
कावळ्याने नेऊ नये म्हणून. कावळा का नेईल, माहीत नाही.

आठव्या दिवशी तिने दुसरी पोळी मागितली.
ताप नाही. वितंडवाद भरपूर.
रात्री मझियाचा फोन.
"संपलं?"
"संपलं."
"उरलं काही?"
"दोन बोटं."
"फेकलंस ना? ठेवायचं नसतं ते."
"लामाराकडे दिलं," मी म्हणालो.

बाटली अजून खिडकीत आहे.
भुकटी खाली बसलीय पुन्हा, वर पाणी स्वच्छ.
उद्या देईन.
येता-जाता हात जातो,
हलवतो थोडी.